अँड्र्यू जॉन्सन : एका मतानें वांचलेला अध्यक्ष

अमेरिकेच्या अध्यक्षांचीं नांवें विचारलीं तर वॉशिंग्टन आणि लिंकन हीं दोन नांवें आपल्या शाळेंतील कोणताहि विद्यार्थी तत्काळ सांगेल. लिंकनचा खून झाल्यावर त्याच्या जागीं कोण बसला, हें मात्र फार थोड्यांस सांगतां येईल. त्या पुरुषाचें नांव अँड्र्यू जॉन्सन. तो थोर होता असें आम्ही म्हणत नाहीं. हें चरित्र वाचून वाचक त्याच्यावर प्रसन्न होतील अशी आमची अपेक्षाहि नाहीं. परंतु राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यास त्याच्या कृत्यांचा जाब कोणीं विचारावा, आणि मुख्य म्हणजे कशाबद्दल विचारावा, हा प्रश्न ज्याच्या आयुष्यांत मूर्तिमंत उभा राहिला असा हा मनुष्य होता. म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

अँड्र्यूचा जन्म २९ डिसेंबर १८०८ रोजीं नॉर्थ कॅरोलिना संस्थानांतील रॅले या गांवीं झाला. बाप जेकब हा एका उतारशाळेंत हमाली व पडेल तें काम करी. गांवची घंटा वाजविण्याचें कामहि त्याच्याकडे असे. बुडत असलेल्या माणसांना वांचविण्यासाठीं त्यानें एकदां पाण्यांत उडी घेतली. तीं माणसें वांचलीं, पण त्यानंतर थोड्याच काळांत तो स्वतः वारला. अँड्र्यू त्या वेळीं तीन वर्षांचा होता. आई मेरी लोकांचे कपडे धुऊन आणि कापड विणून दिवस कंठूं लागली. घरांत दारिद्र्य एवढें कीं, मुलाला शाळेचें तोंड एक दिवसहि पाहावयास मिळालें नाहीं.

पुढें आईनें त्याला जेम्स सेल्बी नांवाच्या शिंप्याकडे कायदेशीर करारानें बांधून दिलें. एकविसावें वर्ष पुरें होईपर्यंत मालकाची चाकरी करावयाची, आणि मोबदल्यांत अन्न, वस्त्र व धंद्याचें शिक्षण तेवढें मिळावयाचें, अशी त्या काळची चाल होती. मात्र त्या दुकानांत एक गोष्ट चांगली होती. कारागीर मांडी घालून शिवीत बसले असतां गांवांतील कोणी शिकलेला गृहस्थ येऊन त्यांना पुस्तक वाचून दाखवी. एका पुस्तकांत नामांकित वक्त्यांचीं भाषणें होतीं. तीं ऐकून पोराला इतकी गोडी लागली कीं, सुईदोरा बाजूस ठेवल्यावर तो रात्रीं अक्षरें ओळखावयास बसे. अशा रीतीनें तो वाचावयास शिकला. लिहिणें अद्याप दूरच होतें.

इ. स. १८२४ सालीं कांहीं पोरांनीं मिळून एका घरावर दगड मारले. प्रकरण अंगावर येईल या भीतीनें अँड्र्यू व त्याचा भाऊ विल्यम मालकाकडून पळून गेले. सेल्बीनें वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन त्यांना पकडून आणणारास १० डॉलरचें बक्षीस लावलें. त्या दिवसांत पळून गेलेल्या गुलामांबद्दलच्या जाहिराती त्याच वर्तमानपत्रांतून नित्य छापल्या जात. आपणहि एकदां अशा जाहिरातीचा विषय झालों होतों, ही आठवण जॉन्सनला पुढें त्या दीन लोकांविषयीं कनवाळू करती, तर त्याच्या देशाचें फार बरें झालें असतें. पण आठवण असणें वेगळें, आणि तिच्यापासून शिकणें वेगळें.

इ. स. १८२६ मध्यें तो आई व सावत्र बाप यांच्यासह डोंगर ओलांडून टेनेसी संस्थानांत आला आणि ग्रीनव्हिल या लहानशा गांवीं त्यानें शिंप्याचें दुकान थाटलें. पुढच्याच वर्षीं एलायझा मॅक्कार्डल या सोळा वर्षांच्या मुलीशीं त्याचा विवाह झाला. नवरा अठरा वर्षांचा होता. त्यांचा विवाह लावणाऱ्या न्यायाधिकाऱ्याचें आडनांव लिंकन होतें व तो अब्राहाम लिंकनच्या नात्यांतला होता, ही एक मौजेची गोष्ट आहे. एलायझा चर्मकाराची मुलगी, पण चांगली शिकलेली. नवरा कपडे शिवीत असतां ती त्याला पुस्तकें वाचून दाखवी. तिनेंच त्याचें लेखन सुधारलें आणि त्याला अंकगणित शिकविलें. तिला वेळ नसे तेव्हां तो मुलांना पैसे देऊन त्यांच्याकडून वर्तमानपत्रें वाचून घेई. आपल्या विद्यार्थिनींनीं हें लक्षांत ठेवावें कीं, या माणसाच्या उत्कर्षाचा पाया त्याच्या बायकोनें घातला. व्हाइट हाऊसमध्यें राहावयास गेल्यावर मात्र ती क्षयरोगानें जर्जर झालेली होती, आणि वरच्या मजल्यावरील आपल्या खोलीबाहेर क्वचितच येई.

दुकान चाललें, आणि दुकानांत राजकारणाच्या गप्पाहि चालल्या. जॉन्सन १८२९ मध्यें गांवच्या नगरसभेवर निवडून आला, १८३४ मध्यें नगराध्यक्ष झाला, पुढें संस्थानच्या विधिमंडळांत गेला. इ. स. १८४३ पासून दहा वर्षें तो वॉशिंग्टन येथील प्रतिनिधिसभेंत होता, त्यानंतर टेनेसीचा गव्हर्नर, आणि १८५७ पासून सेनेटर. मोठमोठ्या मळेवाल्यांविषयीं त्याच्या मनांत कायमची अढी होती. गरीब कुटुंबांस सरकारी पडीक जमीन फुकट मिळावी म्हणून त्यानें वर्षानुवर्षें खटपट केली. तो कायदा अखेर १८६२ मध्यें झाला. मात्र त्याचे गरीब म्हणजे गोरे गरीब. त्याच्या स्वतःच्या घरीं गुलाम होते, आणि गुलामगिरीचें त्यानें पुष्कळ वर्षें समर्थन केलें.

इ. स. १८६० च्या अखेरीस दक्षिणेंतील संस्थानें संयुक्त संस्थानांतून फुटूं लागलीं. लवकरच टेनेसीहि फुटलें. फुटलेल्या संस्थानांचे सेनेटर एकामागून एक आपापल्या जागा सोडून निघून गेले. एकटा जॉन्सन तेवढा आपल्या जागीं बसून राहिला. त्याच्या गांवच्या बाजूला त्याचे पुतळे जाळण्यांत आले. घरीं परत जात असतां व्हर्जिनियांत आगगाडींत त्याच्या अंगावर जमाव चालून आला. त्यानें माघार घेतली नाहीं. हें त्याचें धैर्य अस्सल होतें, आणि पुढील हकीकत वाचतांना तें विसरूं नये. लिंकननें त्याला १८६२ मध्यें टेनेसीचा लष्करी गव्हर्नर नेमलें. दक्षिणेंतला, डेमोक्रॅटिक पक्षाचा, तरीहि राष्ट्राच्या एकीला चिकटून राहिलेला मनुष्य म्हणून १८६४ च्या निवडणुकींत लिंकनच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठीं त्याचीच निवड झाली. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत नॅशव्हिल येथें मुक्ततेची वाट पाहणाऱ्या निग्रो लोकांच्या मोठ्या जमावापुढें बोलतांना त्यानें, आपण त्यांचा मोझेस होऊं, असें आश्वासन दिलें. बायबल वाचणाऱ्या त्या लोकांस या नांवाचा अर्थ कोणीं समजावून सांगण्याची जरूर नव्हती.

ता. ४ मार्च १८६५ रोजीं उपाध्यक्षपदाची शपथ घेतांना तो दारूच्या अमलाखालीं होता आणि भर सभेंत कांहींबाही बोलला; सगळ्यांना लाज वाटली. बरोबर सहा आठवड्यांनीं, १५ एप्रिल रोजीं, लिंकन मारेकऱ्याच्या गोळीनें मरण पावला. जॉन्सनला मारण्याचें कामहि कटवाल्यांनीं एकावर सोंपविलें होतें, पण ऐन वेळीं त्याचा धीर सुटला. त्याच दिवशीं सकाळीं एका हॉटेलांत सरन्यायाधीश चेस यांच्यासमोर जॉन्सननें अध्यक्षपदाची शपथ घेतली. ज्याला लोकांनीं अध्यक्ष म्हणून निवडलें नव्हतें असा मनुष्य युद्धाच्या अखेरीस देशाचा धनी झाला.

आतां खरी गोष्ट सुरू होते. सुमारें ४० लक्ष गुलाम मुक्त झाले होते. त्यांना जमीन नव्हती, मताधिकार नव्हता, आणि कालपर्यंतचे त्यांचे मालक शेजारींच होते. अमेरिकेची काँग्रेस, म्हणजे तेथील कायदेमंडळ (आपल्याकडील काँग्रेस पक्षाशीं या नांवाचा घोटाळा करूं नये), डिसेंबरपर्यंत भरणार नव्हती. तेवढ्या अवधींत जॉन्सननें एकट्याच्या अधिकारांत सर्व उरकलें. मे महिन्यांत त्यानें बंडखोरांना माफी जाहीर केली. २०,००० डॉलरपेक्षां अधिक मालमत्ता असणाऱ्यांनीं स्वतंत्र अर्ज करावा, अशी अट त्यानें घातली. ज्या मळेवाल्यांचा त्याला जन्मभर राग, ते आतां त्याच्या दारीं रांगेनें उभे राहिले. आणि त्यानें हजारोंना माफी दिली. दक्षिणेंतील संस्थानांत जुनेच लोक पुन्हां सत्तेवर आले. त्यांनीं असे कायदे केले कीं, कामाचा करार दाखवितां न आलेल्या निग्रो माणसाला भटक्या ठरवून दंड करावा, आणि दंड भरतां न आल्यास मजुरीस जुंपावें. त्या कायद्यांना काळे कायदे हेंच नांव पडलें. ज्यानें लहानपणीं करारानें बांधलें जाण्याचें दुःख भोगलें, त्यानें हें सर्व उघड्या डोळ्यांनीं होऊं दिलें.

काँग्रेस भरली तेव्हां तिनें दक्षिणेच्या या नव्या प्रतिनिधींना आंतच घेतलें नाहीं. येथून अध्यक्ष आणि काँग्रेस यांचा झगडा सुरू झाला. फेब्रुवारी १८६६ मध्यें फ्रेडरिक डग्लस हा पूर्वीं गुलाम असलेला विख्यात वक्ता आपल्या बांधवांचें शिष्टमंडळ घेऊन मताधिकार मागण्यास व्हाइट हाऊसमध्यें गेला. जॉन्सननें त्यांना तोडून लाविलें. त्याच महिन्यांत मुक्त गुलामांना साहाय्य करणाऱ्या खात्याची मुदत वाढविणारें बिल त्यानें नामंजूर केलें, आणि पुढच्या महिन्यांत त्यांना नागरिकत्वाचे हक्क देणारें बिलहि. अध्यक्षानें नाकारलेलें बिल दोन्हीं सभागृहांनीं दोन तृतीयांश मतांनीं पुन्हां संमत केलें तर तें कायदा होतें, अशी अमेरिकेची घटना आहे. नागरिकत्वाचें बिल एप्रिलांत अशा रीतीनें कायदा झालें. जॉन्सनच्या कारकीर्दींत असें १५ वेळां घडलें. इतर कोणत्याहि अध्यक्षाच्या वांट्याला इतका पराभव आलेला नाहीं. त्या उन्हाळ्यांत मेंफिस व न्यू ऑर्लिअन्स येथें दंगे होऊन कित्येक निग्रो लोक ठार झाले. जॉन्सन मात्र गांवोगांव व्याख्यानें देत, श्रोत्यांशीं हमरीतुमरीवर येत हिंडला. त्याचा परिणाम उलटा होऊन निवडणुकींत त्याच्या विरोधकांस दोन्हीं सभागृहांत दोन तृतीयांशांहून अधिक जागा मिळाल्या.

पण कायदा करणें काँग्रेसच्या हातीं, आणि अंमलबजावणी अध्यक्षाच्या. दक्षिणेंतील लष्कराच्या द्वारें नव्या कायद्यांची अंमलबजावणी व्हावयाची होती, आणि युद्धमंत्री एडविन स्टँटन हा काँग्रेसच्या बाजूचा होता. त्याला काढून टाकतां येऊं नये म्हणून काँग्रेसनें २ मार्च १८६७ रोजीं एक कायदा केला : सेनेटच्या संमतीनें नेमलेल्या अधिकाऱ्यास अध्यक्षानें सेनेटच्या संमतीवांचून दूर करूं नये. गंमत अशी कीं, हा कायदा घटनेविरुद्ध आहे असा सल्ला मंत्रिमंडळांतील सर्वांनीं जॉन्सनला दिला होता, आणि सल्ला देणारांत खुद्द स्टँटनहि होता!

येथें थोडें मागें जाऊन महाभियोग म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कारण त्या गोष्टीचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत येऊन पोंचतो. इ. स. १७८७ मध्यें फिलाडेल्फिया येथें अमेरिकेची घटना तयार होत होती. अध्यक्षाला कोणत्या अपराधाबद्दल पदच्युत करावें, याविषयींच्या मसुद्यांत राजद्रोह व लांचलुचपत हे दोनच अपराध होते. तेव्हां व्हर्जिनियाचा जॉर्ज मेसन उठला आणि त्यानें वॉरन हेस्टिंग्जचें उदाहरण पुढें मांडलें. ज्याच्या कारकीर्दींत नाना फडणीसांना इंग्रजांशीं पहिलें मोठें युद्ध करावें लागलें, तोच हा हेस्टिंग्ज. बंगालमधील त्याच्या कारभाराबद्दल विलायतेंत त्याच्यावर त्याच सुमारास महाभियोग आणला जात होता. मेसनचें म्हणणें असें कीं, हेस्टिंग्जवर आरोप आहेत तसले जुलूम या दोन शब्दांत बसत नाहींत. त्यानें गैरकारभार हा शब्द सुचविला. मॅडिसननें हरकत घेतली. इतक्या मोघम शब्दानें अध्यक्ष सेनेटचा ताबेदार होऊन बसेल. शेवटीं मोठे गुन्हे व दुर्वर्तन अशा अर्थाचे शब्द घातले गेले. त्यांची व्याप्ति किती, हें मात्र कोणीं ठरविलें नाहीं. प्रतिनिधिसभेनें आरोप ठेवावे, सेनेटनें न्याय करावा, आणि दोन तृतीयांश मतें पडलीं तर अध्यक्ष पदच्युत व्हावा, एवढें ठरलें. त्या अधांतरीं राहिलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्याची वेळ एक्क्यायशीं वर्षांनीं आली.

इ. स. १८६७ च्या डिसेंबरांत प्रतिनिधिसभेपुढें जॉन्सनवर महाभियोग आणण्याची सूचना आली. तिचा रोख त्याच्या एकंदर कारभारावर होता. कायद्याचें अमुक कलम मोडलें असें दाखवितां येत नाहीं म्हणून ती १०८ विरुद्ध ५७ मतांनीं फेटाळली गेली. पुढें ता. २१ फेब्रुवारी १८६८ रोजीं जॉन्सननें स्टँटनला बडतर्फ केलें. स्टँटन आपल्या कचेरींत दार लावून बसला आणि तेथून हालेना. तीनच दिवसांत त्याच प्रतिनिधिसभेनें १२६ विरुद्ध ४७ मतांनीं महाभियोग मंजूर केला. लक्षावधि माणसांना वाऱ्यावर सोडलें तेव्हां कलम सांपडलें नाहीं. एक मंत्री काढला तेव्हां तें सांपडलें. अकरा आरोप ठेवले गेले आणि त्यांतील बहुतेक या बडतर्फीसंबंधींच होते.

खटला मार्चमध्यें सेनेटपुढें सुरू झाला. सरन्यायाधीश चेस अध्यक्षस्थानीं होते. प्रेक्षकांची गर्दी इतकी कीं, आंत येण्यास तिकिटें छापावीं लागलीं. जॉन्सन स्वतः एक दिवसहि हजर राहिला नाहीं. वकिलांचा सल्ला तसाच होता, आणि त्याची जीभ पाहतां तो योग्यच होता. आरोप करणारांत थॅडियस स्टीव्हन्स हा वृद्ध पुढारी होता; मुक्त गुलामांच्या हक्कांसाठीं आयुष्य वेंचलेला तो मनुष्य इतका आजारी होता कीं, त्याला खुर्चींत बसवून उचलून आणीत. जॉन्सनच्या बाजूस बेंजामिन कर्टिस होता. निग्रो मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊंच शकत नाहीं असा निकाल १८५७ मध्यें वरिष्ठ कोर्टानें ड्रेड स्कॉटच्या प्रकरणीं दिला, तेव्हां त्याविरुद्ध मत देणारा न्यायाधीश हाच. म्हणजे सज्जन सारे एका बाजूस आणि दुर्जन सारे दुसऱ्या बाजूस, असा हा सामना नव्हता. कर्टिसनें कायद्याच्या शब्दांवरच बोट ठेवलें : मंत्र्यांना नेमणाऱ्या अध्यक्षाच्या मुदतीपुरतें त्या कायद्याचें संरक्षण आहे, स्टँटनला लिंकननें नेमलें, जॉन्सननें नव्हे.

सेनेटमध्यें ५४ सभासद होते. दोषी ठरविण्यास ३६ मतें हवीं होतीं. ता. १६ मे रोजीं अकराव्या आरोपावर मतें घेतलीं. सरन्यायाधीश एकेकाचें नांव पुकारीत आणि तो उभा राहून उत्तर देई. आयोवाचा ग्राइम्स कांहीं दिवसांपूर्वींच पक्षाघातानें पडला होता. त्याला उचलून आणण्यांत आलें. रिपब्लिकन पक्षाच्या सात सभासदांनीं पक्षाविरुद्ध मत दिलें. त्यांत कान्सासचा एडमंड रॉस होता. दोषी ३५, निर्दोष १९. एक मत कमी पडलें. दहा दिवसांनीं आणखी दोन आरोपांवर मतें घेतलीं. आंकडे तेच आले, आणि खटला संपला. त्या सातांपैकीं कोणीहि पुन्हां सेनेटवर निवडून आला नाहीं.

रॉसची गोष्ट पुष्कळ पुस्तकांत धैर्याचा नमुना म्हणून सांगतात. ती इतकी सोपी नाहीं. खटल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानें आपल्या माणसांना नोकऱ्या मिळाव्या म्हणून जॉन्सनकडे मागणें केलें, हें नमूद आहे. मतांसाठीं पैसा वाटला गेला असाहि त्या वेळीं बोभाटा झाला. शिवाय उपाध्यक्षाची जागा रिकामी असल्यामुळें जॉन्सन गेला असता तर सेनेटचा सभापति बेंजामिन वेड अध्यक्ष झाला असता, आणि तो कित्येकांना नको होता. वेडनें स्वतः दोषी असें मत दिलें, हें आम्हांस शोभादायक वाटत नाहीं. तरी एवढें म्हणतां येतें कीं, त्या सातांचा कायद्याचा विचार चुकीचा नव्हता. तो कायदा काँग्रेसनेंच १८८७ मध्यें रद्द केला, आणि असा कायदा घटनेविरुद्धच होता असें वरिष्ठ कोर्टानें १९२६ मध्यें म्हटलें. भांडखोर अध्यक्षाला केवळ बहुमताच्या जोरावर काढण्याचा पायंडा पडला नाहीं. पण ज्या अपराधाबद्दल जॉन्सनला जाब विचारावयास हवा होता तो आरोपपत्रांत नीट लिहिलाच गेला नाहीं, आणि ज्यांचें नुकसान झालें होतें त्यांच्यापैकीं एकहि माणूस त्या सभागृहांत सभासद म्हणून बसलेला नव्हता.

खटल्याचा कांहींच उपयोग झाला नाहीं असेंहि नाहीं. तो चालू असतांनाच जॉन्सनच्या वकिलांनीं मवाळ सेनेटरांशीं बोलणें लावून जनरल स्कोफील्ड या निःपक्षपाती मनुष्यास युद्धमंत्री नेमण्याचें कबूल केलें, आणि जॉन्सन पूर्वींपेक्षां पुष्कळ नरमला. मात्र १८६८ च्या नाताळच्या दिवशीं त्यानें उरल्यासुरल्या सर्व बंडखोरांना सरसकट माफी दिली. ४ मार्च १८६९ रोजीं नवा अध्यक्ष ग्रँट याच्या शपथविधीला तो गेलाच नाहीं.

त्यानंतर १८७७ मध्यें दक्षिणेंतील मुक्त गुलामांमागचा सरकारी आधार निघाला. त्यांना मिळालेला मताधिकार युक्त्याप्रयुक्त्यांनीं हिरावून घेतला गेला, आणि तो खऱ्या अर्थानें परत मिळण्यास १९६५ सालचा कायदा व्हावा लागला. महाभियोगाची पाळी पुढें बिल क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्यें, आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ व २०२१ अशी दोनदां आली. तिन्ही वेळां सेनेटनें त्यांना सोडलें. रिचर्ड निक्सन यांनीं १९७४ मध्यें सभेचें मत पडण्यापूर्वींच राजीनामा दिला.

जॉन्सन ग्रीनव्हिलला परत गेला, पण स्वस्थ बसला नाहीं. दोन निवडणुका हरल्यावर १८७५ मध्यें टेनेसीच्या विधिमंडळानें त्याला पुन्हां सेनेटवर पाठविलें. ज्या सभागृहांत त्याच्यावर खटला चालला तेथेंच, सात वर्षांनीं, तो सभासद म्हणून शपथ घ्यावयास उभा राहिला. त्याच्या मेजावर लोकांनीं फुलें ठेवलीं होतीं. त्या मार्चांत त्यानें एक मोठें भाषण केलें. तें लुइझियानांत लष्कर वापरल्याबद्दल अध्यक्ष ग्रँट यांस जाब विचारणारें होतें. त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं मुलीच्या घरीं तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें देह राष्ट्रीय निशाणांत गुंडाळून, डोक्याखालीं राज्यघटनेची प्रत ठेवून, ग्रीनव्हिलजवळच्या एका टेकडीवर पुरण्यांत आला. सहा महिन्यांनीं एलायझाहि गेली. तिची जागा त्याच्या शेजारींच आहे. गांवांतील त्याचें तें लांकडी शिंपीदुकान एका विटांच्या इमारतीच्या आंत जपून ठेवलेलें आहे.